‘फॉरमॅट मारू का?’ विचारण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका सकाळी साडेआठला माझे धाकटे दीर दारात उभे राहिले आणि म्हणाले, “वहिनी, सगळं गेलं.” त्यांचा चेहरा पाहून माझ्या पोटात गोळाच आला. कोण गेलं, असं विचारायचं धाडस होईना. मग त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. मी म्हटलं, “भाऊजी, आधी बसा. चहा टाकते.”

त्या पेन ड्राइव्हमध्ये काय होतं ते सांगितल्याशिवाय त्यांची घालमेल कळायची नाही. आमचं घर सांगलीच्या गावभागात, कृष्णा नदीच्या अंगाला. २००५ चा पूर आम्ही पाहिलेला. त्या वेळी पाणी कुठवर आलं ती खूण भिंतीवर होती आणि कागदांची ट्रंक त्या खुणेच्या चांगली हातभर वर, फळीवर ठेवलेली होती. निश्चिंत होतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट, म्हणजे तिच्याही वर १२ फूट. फळी, ट्रंक, खूण, सगळंच बुडालं. आठवड्यानंतर ट्रंक उघडली, तेव्हा सासऱ्यांच्या हातची टिपणं, जुनं खरेदीखत, फेरफाराचे उतारे, सोसायटीच्या पावत्या यांची एक ओली वीट झाली होती. ती वीट मी आणि जाऊबाईंनी पानापानाने सोडवली. बाजेवर, जुन्या पातळावर, पंख्याखाली. काही पानं बोटाला चिकटून आली, ती गेलीच. उरलेली ६४० पानं माझ्या भाच्याने स्कॅन केली. मूळ कागदांना नंतर बुरशी धरली आणि दोन पावसाळ्यांत त्यांचा भुगा झाला. तेव्हा आमच्या घराण्याचा जो काही लेखी पुरावा आहे तो या अंगठ्याएवढ्या वस्तूत. दुसरी प्रत काढून ठेवा असं मी भाऊजींना चारदा सांगितलं होतं. त्यांनी चारदा मान डोलावली होती.

वारस नोंदीसाठी दोन कागदांच्या छापील प्रती हव्या होत्या, म्हणून ते एका झेरॉक्सच्या दुकानात गेले. काम झालं. घरी येऊन लॅपटॉपला लावलं, तर ‘जमीन’, ‘आबांची टिपणं’, ‘लग्न’, ‘पावत्या’ हे चारही फोल्डर जागेवर, पण प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक छोटा वाकडा बाण आणि आकार एकेक केबी. त्यांनी एकावर क्लिक केलं. लॅपटॉपवरच्या अँटिव्हायरसने आरडाओरडा करून ते बाणवाले फोल्डर झटक्यात उडवले आणि पेन ड्राइव्ह कोरा करकरीत दिसू लागला. मग ते कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेले. तिथल्या मुलाने पेन ड्राइव्ह लावला, दोन सेकंद पाहिला आणि म्हणाला, “काका, डेटा उडालाय. फॉरमॅट मारू का? रिकव्हरी पाहिजे असेल तर पुण्याला पाठवावं लागेल, साडेचार हजार, गॅरंटी नाही.” (फॉरमॅट म्हणजे पेन ड्राइव्ह पुसून कोरा करणं.)

दुकानाचं नाव मी लिहीत नाही. मुलगा वाईट नाही, त्याला मी लहानपणापासून ओळखते. पण त्याने एक गोष्ट पाहिली नाही, आणि ती पाहिली नाही म्हणूनच हे पत्र लिहिते आहे.

चहा होईपर्यंत मी पेन ड्राइव्ह माझ्या मशीनला लावला, अँटिव्हायरसने एकदा तपासून घेतला, आणि ‘माय कॉम्प्युटर’मध्ये त्याच्या चिन्हावर उजवं बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडलं. आत एकही फोल्डर दिसत नव्हता. पण वापरलेली जागा दाखवत होती ३.१ जीबी. रिकाम्या डब्याचं वजन भरतं का कधी? डबा काट्यावर ठेवला आणि तीन किलो भरला, तर आत काहीतरी आहे, झाकण तेवढं आपल्याला उघडता येत नाही. हे पाहायला दोन क्लिक लागतात. साडेचार हजार सांगण्याआधी आणि फॉरमॅटवर हात ठेवण्याआधी त्या मुलाने एवढं केलं असतं, तर भाऊजींची रात्रीची झोप वाचली असती.

मला हे चटकन सुचलं त्यात माझी हुशारी नाही. १९९३ मध्ये आमच्या टंकलेखन संस्थेत रेमिंग्टनच्या रांगेशेजारी दोन कॉम्प्युटर आले. त्यांवर टाइप केलेल्या आज्ञांनी चालणारी डॉस ही प्रणाली, तिची पाचवी आवृत्ती, म्हणजे १९९१ सालची. माऊस नाही, चित्रं नाहीत. काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी रेघ. मी मिरजेला जाऊन सहा महिन्यांचा कोर्स करून आले आणि मुलींना शिकवू लागले. आठवड्याभरात वर्गातल्या एका वात्रट मुलीला ‘ॲट्रिब’ ही आज्ञा सापडली आणि तिने शेजारणीची अख्खी डिरेक्टरी दडवली. (तेव्हा फोल्डरला डिरेक्टरी म्हणत.) ती शेजारीण रडकुंडीला येऊन माझ्याकडे, “बाई, माझी डिरेक्टरी पळाली!” मी तीच आज्ञा उलटी मारली आणि पळालेली डिरेक्टरी परत आली. मग तो वर्गाचा खेळच झाला. महिनाभर रोज कुणाची ना कुणाची डिरेक्टरी पळत होती. शेवटी मी दम भरला, की यापुढे जिची पळेल तिने स्वतःच आणायची. दोन दिवसांत सगळ्या जणी तरबेज झाल्या. सांगायचं असं, की आज झेरॉक्सच्या दुकानातला व्हायरस जे करतो तेच माझ्या वर्गातली सोळा वर्षांची मुलगी तीस वर्षांपूर्वी गंमत म्हणून करत होती.

आता हे दडवणं म्हणजे नेमकं काय, ते थोडं सविस्तर सांगते, कारण ‘व्हायरसने डेटा खाल्ला’ ही भीती तिथेच संपते. बहुतेक लहान पेन ड्राइव्ह ‘फॅट ३२’ पद्धतीने बांधलेले असतात. त्यात प्रत्येक फाइलची आणि फोल्डरची नोंद ३२ बाइटांची, म्हणजे ३२ छोट्या कप्प्यांची, असते. हजेरीपटातली एक ओळ समजा. नाव, तारीख, वेळ, मजकूर कुठून सुरू होतो तो पत्ता, आणि या सगळ्यांत एकच बाइट शेऱ्याचा. त्या एका बाइटात सगळे शेरे बसतात, कारण प्रत्येकाला एक अंक दिलेला आहे. फक्त वाचण्यासाठी १, दडवलेलं २, सिस्टिमचं ४, ड्राइव्हच्या नावाचं लेबल ८, फोल्डर १६, बॅकअप घ्यायचा राहिलाय या अर्थाचं आर्काइव्ह ३२. लागू असतील त्यांची बेरीज करायची आणि लिहायची. साध्या फोल्डरचा शेरा १६. व्हायरसने काय केलं? त्यात २ आणि ४ मिळवले. १६ चे २२ झाले. बास. आमच्या ६४० पानांतल्या एकाही अक्षराला हात लागला नव्हता. चार फोल्डरांच्या चार ओळींत सोळाच्या जागी बावीस लिहिलं गेलं आणि एक माणूस रात्रभर जागा राहिला.

नुसतं २ मिळवलं असतं तर माऊसने काम झालं असतं. फोल्डर उघडून ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’वर टिक केली, की दडवलेले फोल्डर फिकट रंगात दिसतात. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन टिक काढायची, झालं. पण ४ चा शेरा, म्हणजे सिस्टिमचा, मारलेला असला की विंडोजला वाटतं ही आपल्या घरातली वस्तू आहे, गिऱ्हाइकाला दाखवायची नाही. ती पाहायला पर्यायांच्या यादीत खोल जाऊन आणखी एक टिक काढावी लागते. विंडोज त्यावर धमकीवजा सूचना देते, तिला ‘हो’ म्हणावं लागतं. आणि एवढं करून फोल्डर दिसला, तरी त्याच्या प्रॉपर्टीजमधला ‘हिडन’चा चौकोन करडा पडलेला. क्लिक करा, बडवा, हलत नाही. सिस्टिमचा शेरा खोडायला तिथे जागाच ठेवलेली नाही. माऊसची सत्ता इथे संपते आणि आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडावी लागते.

मी उघडली. खरं सांगते, तीस वर्षांनी माहेरी गेल्यासारखं वाटलं. तीच लुकलुकणारी रेघ. पेन ड्राइव्हला ‘ई’ अक्षर मिळालं होतं, म्हणून ई आणि कोलन टाइप करून एंटर मारला. मग डीआयआर, जागा, स्लॅश, ए. म्हणजे यादी दाखव, दडवलेल्यांसकट. आले! चार फोल्डर, तारखांसकट. पण नावांच्या जागी चौकोन. ‘जमीन’चे काही चौकोन, ‘लग्न’चे काही. काळ्या खिडकीला देवनागरी नीट उमटवता येत नाही. भाऊजी खुर्चीतून उठलेच. “वहिनी, नावं पण खाल्ली त्याने!” नावं आत व्यवस्थित असतात, काळ्या खिडकीला ती काढता येत नाहीत एवढंच. मात्र यामुळे अडचण अशी होते, की फोल्डरचं नाव मराठीत असलं की ते काळ्या खिडकीत टाइप करणं नको वाटतं. म्हणून सरसकट सगळ्यांसाठी चांदणी, म्हणजे की-बोर्डवरचं ताऱ्याचं चिन्ह, वापरायची.

मी मोठ्या ऐटीत जुनी आज्ञा मारली. ॲट्रिब, वजा एच, वजा एस (एच दडवलेल्याचा, एस सिस्टिमचा), पुढे चांदणी. काही झालं नाही. पडदा गप्प. काळी खिडकी काम झालं तरी गप्पच असते, हे माहीत होतं, म्हणून पुन्हा यादी पाहिली. बाहेर सुट्या पडलेल्या दोन फाइली मोकळ्या झाल्या होत्या, फोल्डर मात्र तसेच. मला घाम फुटला, पण दिरासमोर दाखवते कशाला. आठवून पाहिलं. आमच्या डॉसमध्ये डिरेक्टरीचा शेरा बदलायचा तर तिचं नाव घेऊनच हाक मारावी लागे, चांदणीला डिरेक्टऱ्या दाद देत नसत. मग आताच्या विंडोजमध्ये काही सोय असेल का? ॲट्रिबच्या पुढे स्लॅश आणि प्रश्नचिन्ह टाकलं की ती आज्ञा स्वतःच आपली माहिती सांगते. सांगितली. स्लॅश एस म्हणजे आतल्या सगळ्या उपफोल्डरांत जा. स्लॅश डी म्हणजे फोल्डरांनाही लागू कर. ही स्लॅश डी आमच्या वेळी नव्हती. नाव घेऊन हाक मारली तर फोल्डर तिच्याशिवायही येतो, सरसकट हाक मारली तर तिच्याशिवाय हलत नाही.

दुसऱ्यांदा मारली. चारी फोल्डर आले. भाऊजींनी ‘आबांची टिपणं’ उघडून पहिलं पान पाहिलं आणि चष्मा काढून पुसत बसले. मी चहा पुन्हा गरम केला.

ज्या वाचकांवर ही वेळ येईल त्यांच्यासाठी आज्ञा पूर्ण लिहिते. वर्तमानपत्रात रोमन अक्षरं घालायची नाहीत म्हणून उच्चाराने लिहिते, की-बोर्डवर इंग्रजीतच टाइप करा. आधी पेन ड्राइव्हचं अक्षर पाहून ठेवा. स्टार्टमध्ये सी एम डी शोधून काळी खिडकी उघडा. पेन ड्राइव्हचं अक्षर आणि त्याला चिकटून कोलन, एंटर. मग: ए टी टी आर आय बी, जागा, वजा एच, जागा, वजा एस, जागा, स्लॅश एस, जागा, स्लॅश डी, जागा, चांदणी टिंब चांदणी, एंटर. ‘जागा’ म्हणजे स्पेस बार एकदा. वजा आणि त्याचं अक्षर यांत जागा नाही. एच आणि एस दोन्ही एकाच दमात काढायचे. नुसता वजा एच दिलात तर ती आज्ञा अडून बसते, ‘ही सिस्टिमची फाइल आहे, मी बदलत नाही’ अशा अर्थाची ओळ इंग्रजीत टाकते. इंटरनेटवर काही जण यात वजा आरही घालतात. तो ‘फक्त वाचण्यासाठी’चा शेरा काढतो. घातला तरी चालतं, माझं त्याच्यावाचून अडलं नाही.

आणि अक्षर आधी पाहून ठेवा असं मी लिहिलं आहे ते अनुभवाने. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाईंचा पेन ड्राइव्ह आला (बातमी पसरायला गावभागात वर्तमानपत्र लागत नाही). मी गप्पांच्या नादात ई कोलन टाइप करायचं विसरले आणि तीच आज्ञा माझ्या स्वतःच्या सी ड्राइव्हमध्ये, माझ्या नावाच्या फोल्डरात मारली. ती बराच वेळ चालली तेव्हाच शंका यायला हवी होती. डेस्कटॉपवर ‘डेस्कटॉप डॉट आयएनआय’ नावाच्या फाइली उगवल्या, ‘ॲपडेटा’ नावाचा फोल्डर (यात प्रोग्राम आपली माहिती ठेवतात) समोर येऊन बसला, जे जे विंडोजने पडद्याआड ठेवलेलं होतं ते सगळं अंगणात आलं. नुकसान काही झालं नाही, पण नातवाच्या वयाचं कुणी पोर त्या मशीनवर बसलं असतं आणि ‘हा कचरा कशाला’ म्हणून ॲपडेटा उडवला असता, तर झालं असतं. वजाच्या जागी अधिक टाकून एकेक परत दडवत बसले. अधिक एच, अधिक एस. तीस वर्षं मुलींना ‘आधी वाचा, मग एंटर’ सांगणाऱ्या बाईची ही तऱ्हा.

शेजारच्या बाईंच्या पेन ड्राइव्हचा प्रकार जरा निराळा होता. व्हायरसने सगळे फोल्डर उचलून एका बिननावाच्या फोल्डरात कोंबले होते. नावाच्या जागी कोरी जागा. ती साधी स्पेसही नव्हे, न तुटणारी स्पेस म्हणून एक वेगळंच अक्षर असतं ते. वर तोही दडवलेला. आज्ञा तीच लागू पडली, फक्त नंतर त्या बिननावाच्या पेटाऱ्यात शिरून आतलं सामान बाहेर काढावं लागलं.

माझा भाचा विश्रामबागला वालचंदमध्ये इंजिनिअरिंग शिकतो. त्याला हे सगळं फोनवर रंगवून सांगितलं. तो म्हणाला, “मावशी, एवढी खटपट कशाला? माझ्या लॅपटॉपवर उबुंटू आहे, तिथे सगळे फोल्डर तसेच दिसले असते.” आणि ते खरंच आहे. रविवारी त्याने स्वतःचा एक पेन ड्राइव्ह तसा दडवून दाखवला. उबुंटू म्हणजे विंडोजऐवजी वापरायच्या लिनक्स प्रणालीचा एक प्रकार, आणि लिनक्स त्या २ आणि ४ च्या शेऱ्याकडे ढुंकून पाहत नाही. तिथे दडवण्याची रीत वेगळी, नावाच्या आधी टिंब दिलं की झालं. शिवाय तिथे फोल्डरला वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि आत शिरण्याचा १ असे अंक असतात, तेही मालक, गट आणि इतर अशा तिघांना वेगवेगळे. मालकाला ७, बाकीच्यांना ५ आणि ५, असे तीन आकडे ‘सीएचमॉड’ या आज्ञेला दिले की वाड्याच्या दाराची व्यवस्था लागली. मला त्यातली एक गोष्ट फार पटली. फाइल पुसायचा अधिकार फाइलवर नसतो, ती ज्या फोल्डरात आहे त्या फोल्डरावर लिहिण्याचा अधिकार कुणाला आहे यावर असतो. घरातली वस्तू बाहेर काढायची तर वस्तूला विचारत नाहीत, घराच्या मालकाला विचारतात. विंडोजच्या ॲट्रिबचे शेरे एवढे विचारी नाहीत. ‘दडवलेलं’ म्हणजे कुलूप नव्हे, दारावरचा पडदा आहे. मुलांना दिसू नये म्हणून फोल्डर ‘हिडन’ करून ठेवणाऱ्या आईबापांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं. मुलांना ठाऊक असतं.

याच ओघात आणखी एक शंका, जी मला या महिन्यात तिघांनी विचारली. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रीड-ओन्ली’पुढे एक भरीव चौकोन असतो. तो काढून ‘ओके’ म्हटलं आणि पुन्हा उघडून पाहिलं, की चौकोन परत हजर. लोकांना वाटतं व्हायरस. तसं काही नाही. फोल्डरच्या बाबतीत विंडोज हा शेरा ‘लिहिता येत नाही’ या अर्थाने वापरतच नाही. या फोल्डरचं चिन्ह किंवा मांडणी खास आहे, आतली डेस्कटॉप डॉट आयएनआय वाचा, अशी ती विंडोजची स्वतःसाठीची खूण असते. त्या चौकोनाने फोल्डरात नवीन फाइल ठेवणं अडत नाही. आणि कुणी फोल्डरात लिहू नये असं खरंच वाटत असेल, तर ते या चौकोनाने साधत नाही, त्याला परवानग्यांचं वेगळं पान आहे. एका गृहस्थांनी पतसंस्थेच्या हिशेबाच्या फोल्डरला ‘रीड-ओन्ली’ करून ठेवलंय आणि आता कुणी हात लावू शकत नाही असं मला अभिमानाने सांगितलं. मी त्यांना घरी बोलावलंय.

आता जे दुकानदारांना आणि शिकवणाऱ्यांना सांगायचं आहे ते. ॲट्रिबने व्हायरस जात नाही. तो शेरा खोडतो, शेरा मारणाऱ्याला धरत नाही. त्या बाणवाल्या खोट्या फोल्डरची चलाखी अशी, की त्यावर क्लिक केलं की आधी व्हायरस सुरू होतो आणि मग खरा फोल्डरही उघडून दिला जातो, म्हणजे गिऱ्हाइकाला संशय नको. पूर्वी पेन ड्राइव्ह नुसता लावला तरी आतलं काहीबाही आपोआप चालू व्हायचं. विंडोज ७ पासून आणि जुन्या विंडोजला २०११ च्या सुधारणेनंतर ती सोय मायक्रोसॉफ्टने पेन ड्राइव्हपुरती बंद केली. तेव्हापासून व्हायरसला आपलं बोट लागतं. म्हणून बाण दिसला की बोट आवरा. आधी अँटिव्हायरस, मग आज्ञा, मग खरे फोल्डर मशीनवर उतरवून घ्यायचे, एकेक उघडून पाहायचे, आणि त्यानंतर खुशाल फॉरमॅट मारा. फॉरमॅटशी माझं वैर नाही. तो पहिला उपाय म्हणून सांगतात त्याचा राग आहे.

आणि झेरॉक्सच्या दुकानांचं काय? कोर्टापाशी, कॉलेजांपाशी, तहसीलपाशी सकाळपासून रांग असते. एकाच कॉम्प्युटरला दिवसात शंभर पेन ड्राइव्ह लागतात. तो कॉम्प्युटर एकदा बाधला की पाणवठ्यासारखं होतं, जो येतो तो घेऊन जातो. दुकानदाराला दोष द्यायला मी धजत नाही, व्हायरस त्याच्याकडेही कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधूनच आलेला. पण महिन्यातून एकदा मशीन तपासून घेणं त्याच्या हातात आहे. आपल्या हातात हे आहे, की मूळ पेन ड्राइव्ह घरात ठेवायचा आणि छापायच्या दोन पानांची पीडीएफ दुसऱ्या, रिकाम्या पेन ड्राइव्हवर टाकून न्यायची. बँकेत जाताना आपण सगळे दागिने अंगावर घालून जातो का?

शिकवणाऱ्यांबद्दल. माझ्या ओळखीच्या, कॉम्प्युटरची प्रमाणपत्रं असलेल्या आठ-दहा मुलामुलींना मी विचारलं, काळी खिडकी कधी उघडली आहे का. दोघांनी हो म्हटलं. एकीने विचारलं, “ते हॅकिंगचं ना?” तिची थट्टा करत नाही, सिनेमात तसंच दाखवतात. पण हीच मुलं उद्या दुरुस्तीच्या दुकानात बसतात आणि माऊसने जे होत नाही ते होतच नाही असं समजून फॉरमॅट मारतात. पूर्ण डॉस शिकवा असं माझं म्हणणं नाही, ते दिवस गेले. एक तास द्या. सीडी (एका फोल्डरातून दुसऱ्यात जाण्याची आज्ञा), डीआयआर, ॲट्रिब एवढं. आणि त्या तासाला मुलांना एकमेकांचे फोल्डर दडवू द्या. आमच्याकडे तसंच शिकले होते, आणि त्यातल्या एकीचा मागच्या आठवड्यात फोन होता. ती आता बेळगावला असते, तिच्या मुलाचा प्रोजेक्ट असाच ‘उडाला’ होता. ‘बाई, पळालेली डिरेक्टरी मीच आणली,’ म्हणाली.

भाऊजींनी ६४० पानांच्या आता तीन प्रती केल्या आहेत. एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे, एक त्यांच्या लेकीकडे कोल्हापूरला. वारस नोंदीचा अर्ज दिला आहे, तो तलाठी कार्यालयात आहे, त्याच्यावर कुठला शेरा पडतो ते पाहू.

दुरुस्तीच्या दुकानातल्या त्या मुलाकडेही मी गेले होते. ओरडायचं ठरवून गेले होते, पण त्याने स्टूल पुढे केलं, भडंगाचा पुडा उघडला, आणि म्हणाला, “काकू, ती कमांड लिहून द्या की.” घरी येऊन कपाटातलं जुनं इंग्रजी टाइपरायटर काढलं. फीत वाळली होती, पण अक्षरं उमटली. कार्डावर एक ओळ टाइप करून दिली, त्याने ती काउंटरवर काचेखाली लावली. चार दिवसांनी त्याचा फोन, “काकू, चालत नाही.” जाऊन पाहिलं, तर तो वजा एच आणि वजा एस यांमध्ये जागाच सोडत नव्हता, दोन्ही चिकटवून मारत होता.

तेव्हा आपल्या मुद्रितशोधकांना एक नम्र विनंती. पत्र लांबलं आहे, जागेअभावी कुठेही कात्री लावा, पूर आणि माझे टंकलेखनाचे दिवस काढले तरी चालतील. पण आज्ञेच्या ओळीत जिथे मी ‘जागा’ लिहिलं आहे तिथला एकही ‘जागा’ कमी करू नका.

आपली,
गावभाग, सांगली येथील एक वाचक
(दुकानदार ओळखीचे असल्याने नाव छापू नये.)